सूर लागायच्या आत बंद पडलेले सिटकॉम, माहीत असूनही बघायला घ्यावेत का?

रात्रपाळी

मंडळी, एक प्रश्न आहे आणि थोडी चिडचिड पण आहे, दोन्ही एकत्रच लिहिते.

नुकतंच 'बेटर ऑफ टेड' हा सिटकॉम, म्हणजे अर्ध्या तासाची विनोदी मालिका, बघून झाला. २००९ च्या मार्चमध्ये एबीसी या अमेरिकन चॅनलवर सुरू झालं आणि २०१० च्या जानेवारीत बंद, सगळे मिळून २६ भाग, आणि त्यातले शेवटचे दोन तर अमेरिकेत तेव्हा टीव्हीवर दाखवले पण नाहीत. ज्यांनी बघितलं नाहीये त्यांच्यासाठी सांगते, व्हेरिडियन डायनॅमिक्स नावाची एक अवाढव्य कंपनी आहे, ती काहीही बनवते, टेड तिथल्या संशोधन विभागाचा प्रमुख आणि व्हेरॉनिका त्याची बॉस. व्हेरॉनिकाचं काम पोर्शिया डी रॉसीने केलंय आणि मी सांगते, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता इतकं हसवणारी नटी मी बघितली नाही. एका भागात कंपनी दिव्यांना आणि दारांना नवीन सेन्सर बसवते आणि ते सेन्सर कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना ओळखतच नाहीत, ते आले तरी दारं उघडत नाहीत, दिवे लागत नाहीत, आणि सेन्सर काढून टाकायच्या ऐवजी कंपनी काय करते तर प्रत्येकाच्या मागे मागे फिरायला एकेक गोरा माणूस पगारावर ठेवते. मोठी कंपनी चूक मान्य न करता कशी वागते हे वीस-बावीस मिनिटांत इतकं नेमकं मी दुसरीकडे कुठेच बघितलं नाही.

आणि हे बंद केलं! दुसऱ्या सीझनमध्ये तर लेखकांना पात्रं इतकी छान सापडली होती की फिल आणि लेम हे दोघे शास्त्रज्ञ नुसते खोलीत आले तरी हसू यायचं. मग कळलं की हे लिहिणाऱ्या व्हिक्टर फ्रेस्कोचं आधीचं 'अँडी रिक्टर कंट्रोल्स द युनिव्हर्स' पण फॉक्सने १९ भागांवर बंद केलं होतं आणि नंतरचं 'सँटा क्लॅरिटा डाएट' नेटफ्लिक्सने तीन सीझननंतर ऐन रंगात आलेल्या वळणावर थांबवलं. एकाच माणसाच्या बाबतीत तीनदा!

तर प्रश्न असा की १) तुमच्या मते कुठला सिटकॉम सगळ्यात अन्यायाने बंद झाला, आणि कारण माहीत असेल तर तेही सांगा, नुसती नावं नकोत, २) अर्धवट राहिलंय हे माहीत असताना असं काही बघायला घ्यावं का? मला नंतर फार चुटपुट लागते म्हणून विचारतेय.

जुना अँटेना

चांगला विषय काढलात ताई. माझं उत्तर दोन मालिकांचं आहे आणि दोन्ही जुन्या आहेत.

पहिली 'पोलीस स्क्वाड', एबीसी, १९८२. एकूण सहा भाग. त्यातले चार मार्चमध्ये दाखवले आणि उरलेले दोन जुलैमध्ये उरकून टाकले. झुकर बंधू आणि जिम एब्रहॅम्स यांनी केलेली, लेस्ली नील्सन डिटेक्टिव्हच्या भूमिकेत, लाफ ट्रॅक, म्हणजे मागून वाजवलेला रेकॉर्डेड हशा, अजिबात नाही. दर भागाच्या सुरुवातीला एखादा पाहुणा कलाकार यायचा आणि श्रेयनामावलीतच मारला जायचा, भागाचं नाव पडद्यावर एक आणि निवेदक वाचायचा दुसरंच, शेवटी चित्र गोठवल्यासारखं दाखवायचे पण प्रत्यक्षात नट नुसते पुतळ्यासारखे उभे आणि मागे भलतंच काही चाललेलं. हे सगळं बघायला पडद्यावर डोळे लागतात. आणि नेमकं तेच कारण दिलं गेलं, एबीसीच्या मनोरंजन विभागाचे तेव्हाचे प्रमुख टोनी थॉमोपुलस यांचं म्हणणं असं होतं की ही मालिका आवडायची तर ती लक्ष देऊन बघावी लागते. म्हणजे त्या काळचा हिशोबच असा होता की टीव्ही चालू असतो, लोक घरातली कामं करत करत ऐकतात, विनोद कानाला कळला पाहिजे आणि कुठे हसायचं ते लाफ ट्रॅकने सांगितलं पाहिजे. नील्सनला त्या सहा भागांवर एमीचं, म्हणजे अमेरिकन टीव्हीच्या मोठ्या पुरस्काराचं, नामांकन मिळालं होतं. पुढे १९८८ मध्ये त्याच मंडळींनी तेच पात्र घेऊन 'द नेकेड गन' काढला, तो जोरात चालला आणि त्याचे आणखी दोन भाग आले. माणसं तीच, विनोदाची जात तीच, फक्त थिएटरात लोक दुसरं काही करत नसतात, समोर बघतात.

दुसरी 'फ्रँक्स प्लेस', सीबीएस, १९८७-८८, २२ भाग. बॉस्टनचा एक प्राध्यापक, त्याला न्यू ऑर्लिन्समधलं वडिलांचं रेस्टॉरंट वारशात मिळतं आणि तो तिथे जातो. टिम रीड मुख्य भूमिकेत, ह्यू विल्सनने बनवलेली. बहुतेक सगळी पात्रं कृष्णवर्णीय आणि विनोद त्यांच्या रोजच्या जगण्यातून येणारा, कोणी कोणाला टोमणे मारतंय आणि मागे हशा पिकतोय असला प्रकारच नाही. एकाच कॅमेऱ्याने सिनेमासारखं चित्रीकरण, लाफ ट्रॅक नाही, १९८७ मध्ये! लेखनाला एमी मिळालं. आणि सीबीएसने एका सीझनमध्ये तिची वेळ आणि वार इतक्यांदा बदलले की ज्यांना बघायची होती त्यांनाही ती कधी लागते ते कळेना. त्यात भर म्हणजे मालिकेत जुनी गाणी भरपूर वापरलेली, त्यांचे हक्क पुन्हा विकत घ्यायचे तर खर्च फार, त्यामुळे मूळ रूपात तिची नीट डीव्हीडी पण आली नाही. माझ्या मते सगळ्यात मोठा अन्याय हाच. 'पोलीस स्क्वाड' निदान आज बघता तरी येते.

चष्मिष

'फ्रीक्स अँड गीक्स'. दुसरं नाव माझ्या तोंडात येणारच नाही.

हो, मला माहितीये तासाभराची आहे आणि कोणीतरी येऊन म्हणेल की हा सिटकॉम नव्हे, पण मी हसलोय यात त्यामुळे मी धरणार. एनबीसी, सप्टेंबर १९९९. १९८० सालातली मिशिगनमधली एक शाळा, लिंडसी नावाची हुशार मुलगी गणिताच्या स्पर्धा सोडून टवाळ पोरांमध्ये जाऊन बसायला लागते, आणि तिचा लहान भाऊ सॅम आणि त्याचे दोन मित्र शाळेत रोज कोणाचा ना कोणाचा मार चुकवत असतात. पॉल फीगने लिहिली, जड अपॅटाव निर्माता. नटांची यादी बघा, लिंडा कार्डेलिनी, जेम्स फ्रँको, सेथ रोगन, जेसन सेगल, बिझी फिलिप्स, मार्टिन स्टार, यातली बहुतेक मंडळी तेव्हा कोणाला माहीत पण नव्हती.

आणि लावली कधी तर शनिवारी रात्री आठला. ज्या वयाच्या पोरांनी बघायची ती पोरं शनिवारी रात्री घरात असतात का? मग मध्येच काही आठवडे गायब, मग सोमवारी, असं करत करत १८ पैकी १२ भाग दाखवून बंद. लोकांनी पत्रं लिहिली, मोहीम काढली, तेव्हा उन्हाळ्यात आणखी तीन दाखवले आणि राहिलेले तीन दुसऱ्याच चॅनलवर लागले.

पण यात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते आणि ती ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पण आहे. अपॅटावला अंदाज आला होता की हे लोक आपल्याला मध्येच थांबवणार, म्हणून त्याने शेवटचा भाग आधीच शूट करून घेतला, मधले भाग नंतर केले. त्यामुळे ती मालिका तुटल्यासारखी वाटत नाही. शेवटच्या भागात काय होतं ते सांगत नाही पण सगळ्यांना एकेक दार उघडून दिलंय आणि पुढे कोण कुठे जाईल हे तुम्हाला मनात दिसतं. १८ भागांत मी त्या मुलांना जितकं ओळखायला लागलो तितकं दहा-दहा सीझन चाललेल्या मालिकांमधल्या लोकांना ओळखत नाही. त्यामुळे बघा, नक्की बघा, चुटपुट लागेल पण चांगली लागेल. आणि संपलं की लगेच अपॅटावचंच 'अनडिक्लेअर्ड' घ्या, फॉक्स, २००१, कॉलेजातलं, १७ भाग, तेही बंद पाडलं.

अजून एक, गाण्यांच्या हक्कांचं अँटेनाजींनी जे लिहिलंय ते इथे पण झालं होतं. 'फ्रीक्स'मध्ये त्या काळातली खरी गाणी ठासून भरलीत. ती बदलून स्वस्तातली टाकली असती तर डीव्हीडी लवकर आली असती पण यांनी हट्टाने मूळ गाण्यांसकट काढली, २००४ मध्ये. त्या हट्टाबद्दल मी त्यांचा आयुष्यभर ऋणी आहे.

रात्रपाळी

चष्मिष, शेवटचा भाग आधी शूट केला हे माहीतच नव्हतं, लगेच यादीत टाकलं.

अँटेनाजी, मला एक समजत नाही. चॅनलने स्वतःच निवडलेली मालिका असते ना, पायलट म्हणजे नमुन्याचा पहिला भाग बघून, पैसे लावून. मग तीच मालिका वाईट वेळेला लावायची, वार बदलायचे, आणि मग बघणारे नाहीत म्हणून बंद करायची, यात चॅनलचा काय फायदा? काही गणित असेलच ना यामागे?

जुना अँटेना

गणित आहे, आणि ते कळलं की राग कमी होत नाही पण दिशा बदलते.

अमेरिकन नेटवर्कवर पूर्वापार पद्धत अशी की पायलट पसंत पडला की साधारण १३ भागांची ऑर्डर द्यायची, बरं चाललं तर उरलेले ९ द्यायचे म्हणजे २२ चा सीझन पुरा. मे महिन्यात जाहिरातदारांपुढे पुढच्या वर्षीचं वेळापत्रक मांडायचं आणि तिथे आगाऊ जाहिराती विकायच्या. आता जाहिरातदाराला दाखवायचं काय, तर नील्सन या प्रेक्षक मोजणाऱ्या कंपनीचे आकडे, म्हणजे निवडक घरांत मीटर लावून काढलेला अंदाज, आणि त्यातही १८ ते ४९ वयाचे किती हे सगळ्यात महत्त्वाचं. आकडा कमी आला की त्या जागेवर विकलेल्या जाहिरातीची भरपाई करून द्यावी लागते. त्यामुळे पडलेली मालिका नुसती नापास होत नाही, तिच्यापायी दर आठवड्याला नुकसान होतं, आणि मग तिला अशा वाराला ढकलायचं जिथे तसंही कोणी बघत नाही. तिथे ती आणखी पडते. पूर्वी तर त्याच रात्रीचा आकडा धरायचे, रेकॉर्ड करून बघणारे हिशोबातच नव्हते, २००७ पासून जाहिरातींच्या हिशोबात तीन दिवसांतलं रेकॉर्डिंग धरायला लागले. तुमच्या 'टेड'सारख्या मालिकेचा प्रेक्षक नेमका तोच असतो जो नंतर सवडीने बघतो.

दुसरी गोष्ट मालकीची, आणि ही मला सगळ्यात जास्त डाचते. १९९० च्या दशकापर्यंत अमेरिकेत नियम होते की नेटवर्कला आपल्या मालिकांच्या पुनःप्रक्षेपणाच्या धंद्यात हिस्सा ठेवता येत नाही. ते नियम उठले आणि नेटवर्क आपल्याच स्टुडिओच्या मालिका लावायला लागले. खरा पैसा पुनःप्रक्षेपणातच आहे, साधारण शंभरेक भाग झाले की मालिका इतर चॅनलना रोज लावायला विकता येते, आणि तो पैसा स्टुडिओचा, नेटवर्कचा नव्हे. मग दोन मालिका सारख्याच पडत असतील तर नेटवर्क कुठली वाचवेल? ज्यात आपला हिस्सा आहे ती. 'हॅपी एंडिंग्ज' एबीसीवर होती पण बनवायची सोनी. ५७ भाग झाले होते, शेवटी शुक्रवारी ढकलली आणि २०१३ मध्ये बंद. उलट बाजूचं उदाहरण 'ब्रुकलिन नाइन-नाइन', फॉक्सने १० मे २०१८ ला बंद केली आणि दुसऱ्याच दिवशी एनबीसीने उचलली. लोकांना वाटलं चाहत्यांच्या आरड्याओरड्यामुळे, आणि त्याचा हातभार असेलही, पण ती मालिका आधीपासून युनिव्हर्सल टेलिव्हिजनच बनवत होतं, म्हणजे एनबीसीचं घरचंच. फॉक्स पाच वर्षं दुसऱ्याच्या घरातली मालिका चालवत होतं. एनबीसीने पुढे ती आठव्या सीझनपर्यंत नेली.

दुसरी बाजू

मी थोडं वेगळं लिहितो, कोणाला दुखवायचं नाहीये.

लवकर बंद झाली म्हणजे अन्यायच झाला असं मला वाटत नाही. 'फॉल्टी टॉवर्स' घ्या, १९७५ मध्ये सहा भाग, १९७९ मध्ये सहा भाग, संपलं. ब्रिटिश 'द ऑफिस' पण दोन सीझनचे बारा भाग आणि मग ख्रिसमसचा शेवट. त्यांना कोणी अर्धवट म्हणत नाही. 'पोलीस स्क्वाड' सहाच्या ऐवजी साठ भाग चालली असती तर तेच तेच विनोद परत परत आले असते, मला ती सहा भागांतच भरगच्च वाटते. आपण बंद पडलेल्या मालिकेबद्दल जो जीव टाकतो त्यातला थोडा भाग न झालेल्या भागांवरचा असतो, जे आपण कधी बघितलेच नाहीत आणि म्हणून जे मनात सगळे उत्तमच असतात.

आणि परत आणलेल्या मालिकांचं काय झालं ते बघा. 'अरेस्टेड डेव्हलपमेंट' माझी अत्यंत आवडती. फॉक्स, २००३. पहिल्याच सीझनला उत्कृष्ट विनोदी मालिकेचं एमी, तरी दुसरा सीझन २२ चा १८ झाला, तिसरा १३ चा, आणि शेवटचे चार भाग १० फेब्रुवारी २००६ ला एकाच रात्री लावून टाकले, समोर दुसऱ्या चॅनलवर हिवाळी ऑलिंपिकचं उद्घाटन चालू. राग यायलाच पाहिजे, मलाही आला होता. मग २०१३ मध्ये नेटफ्लिक्सने चौथा सीझन आणला आणि मी सुट्टी काढून बघायला बसलो. पण तोवर सगळे नट मोठे झालेले, कोणाच्याच तारखा जुळेनात, म्हणून एकेका भागात एकेक पात्र घेऊन गोष्ट रचली. त्या मालिकेचा प्राण काय होता तर नऊ माणसं एका खोलीत एकमेकांचं न ऐकता बोलतायत. तेच गेलं. पुढे तो सीझन पुन्हा कापून २२ भागांचा करून बघितला तरी ते परत आलं नाही. कारण माणसं एकत्र असण्याचा एक काळ असतो आणि तो तेव्हाच कॅमेऱ्यात पकडावा लागतो. त्यामुळे मी तर म्हणेन की जे आहे ते बघा आणि परत यावी अशी इच्छा धरू नका.

चष्मिष

दुसरी बाजू, तुमचं 'अरेस्टेड'बद्दलचं अक्षर न् अक्षर पटलं, पण 'फॉल्टी टॉवर्स'चं उदाहरण इथे लागू होत नाही असं मला मनापासून वाटतं. तिथे लिहिणाऱ्यांनी ठरवून थांबवलं. बारा भागच लिहायचे हे जॉन क्लीझ आणि कॉनी बूथ यांच्या हातात होतं आणि एकेका भागावर त्यांनी किती मेहनत घेतली ते दिसतंच. आपण बोलतोय ते दुसऱ्याने वाक्य पुरं व्हायच्या आत तोंड बंद केलेल्या मालिकांबद्दल. भाग कमी असणं आणि मध्येच तोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शिवाय सिटकॉमचा स्वभावच असा की त्याला वेळ लागतो. पायलटमध्ये सगळे नट जरा मोठ्याने बोलत असतात, प्रत्येक पात्राला एकच गुण चिकटवलेला असतो, हा कंजूष, ती आगाऊ, तो वेंधळा. लेखकांना नट कसा बोलतो, कुठे थांबतो, कोणाबरोबर जमतं हे आठ-दहा भाग झाल्यावर कळायला लागतं आणि मग ते त्याच्यासाठी लिहायला लागतात. थ्रिलरचं तसं नसतं, पहिल्या भागात खून झाला की प्रेक्षक अडकला. सिटकॉममध्ये आपण माणसांच्या ओळखीसाठी परत येतो आणि ओळख व्हायला वेळ लागणारच. आणि निर्णय घेतात कधी, तर तिसऱ्या-चौथ्या भागाचे आकडे आले की.

'साइनफेल्ड'चंच बघा की. जुलै १९८९ मध्ये पायलट लागला, कोणाला फारसा आवडला नव्हता, एनबीसीच्या कॉमेडी विभागाने हात वर केले होते. मग रिक लुडविन म्हणून अधिकारी होते, ते खरं तर रात्री उशिराचे कार्यक्रम आणि स्पेशल बघायचे, त्यांनी आपल्या बजेटमधल्या बॉब होपच्या एका स्पेशलचे पैसे वळवून चार भाग करवून घेतले. फक्त चार! त्या चारांवर पुढची नऊ वर्षं उभी राहिली. 'चिअर्स'ला तर १९८२ मध्ये सुरुवातीला रेटिंगच्या यादीत पार तळाला जागा होती, तरी एनबीसीने ठेवली आणि ती अकरा सीझन चालली. या दोन्ही मालिका त्याच हिशोबाने सहाव्या भागाला बंद झाल्या असत्या तर आज आपण इथे त्यांची नावं घेऊन हळहळत बसलो असतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे कोणाला आठवल्याच नसत्या. म्हणून मला 'टेड' किंवा 'फ्रँक्स प्लेस'चं दुःख होतं ते न झालेल्या भागांचं नाही, त्यांना लुडविनसारखा कोणी भेटला नाही याचं आहे.

पॉपअप

सगळे अमेरिकेतलंच लिहितायत म्हणून आठवण करून देते, 'साराभाई व्हर्सेस साराभाई'! २००४ ला स्टार वनवर सुरू झाली आणि २००६ ला बंद. तेव्हा टीआरपी नव्हता तिला. आज माया साराभाईचा एकही संवाद ऐकला नाही असा माणूस शोधून दाखवा. रत्ना पाठक शाह, सतीश शाह, सुमीत राघवन, रूपाली गांगुली, रोसेश झालेला राजेश कुमार, एकही दुबळा दुवा नाही. २०१७ मध्ये हॉटस्टारवर परत आली होती, तीच माणसं, पण मला जुनीच जवळची वाटते, त्यामुळे दुसरी बाजू यांच्याशी सहमत.

रात्रपाळी

पॉपअप 🙌 रोसेश!!

बरं पण आता सगळं ओटीटीवर आहे, तिथे वार आणि वेळ हा प्रकारच नाही, मग तिथे तरी हे थांबायला हवं होतं ना? 'सँटा क्लॅरिटा'चं काय झालं मग?

जुना अँटेना

थांबलं नाही, फक्त कारणं दिसेनाशी झाली. नेटवर्कच्या काळात निदान आकडा छापून यायचा, आपण भांडू शकायचो की अहो तुम्ही शुक्रवारी लावलीत म्हणून पडली. इथे तेव्हा किती लोकांनी बघितलं, कितींनी शेवटपर्यंत बघितलं हे कंपनीलाच माहीत असायचं. शिवाय सीझन वाढत जातात तसे कलाकारांचे पैसे वाढतात आणि नवीन वर्गणीदार मात्र नव्या मालिकेने येतात, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या सीझननंतर हात आखडता घेणं हे तिथे नेहमीचं झालंय. 'वन डे अ‍ॅट अ टाइम'ला तीन सीझननंतर २०१९ मध्ये नेटफ्लिक्सने सोडलं, पॉप टीव्हीने उचललं, आणि चौथा सीझन चालू असताना करोना आला, चित्रीकरण थांबलं, एक भाग तर अ‍ॅनिमेशनमध्ये करावा लागला आणि मग तिथूनही बंद. रिटा मोरेनो त्यात आजीचं काम करायची, ऐंशीच्या घरात असताना, काय बाई नाचायची! 'ग्लो'चा चौथा सीझन मंजूर होऊन काम सुरू झालं होतं, तोही २०२० च्या ऑक्टोबरमध्ये रद्द केला.

पूर्वीच्या बंद मालिकांना डीव्हीडीने हात दिला हे मात्र खरं. 'फॅमिली गाय' २००२ मध्ये बंद झाली होती, डीव्हीडी इतक्या खपल्या आणि रात्री उशिराची पुनःप्रक्षेपणं इतकी चालली की फॉक्सने २००५ मध्ये परत आणली. प्रेक्षकाच्या हातात पैसे टाकून मत द्यायची एक सोय होती. ओटीटीवरून मालिका काढून टाकली आणि डीव्हीडी निघालेलीच नसेल तर बघायची कुठे हाच प्रश्न.

दुसरी बाजू

हा मुद्दा मला मान्य. हातात वस्तू असणं वेगळं.

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नासाठी एक नाव सुचवतो, 'पार्टी डाउन'. स्टार्झ, २००९-१०, दहा-दहाचे दोन सीझन. लॉस एंजेलिसमध्ये पार्ट्यांना जेवण वाढणाऱ्या पोरापोरींची गोष्ट, सगळ्यांना खरं तर नट किंवा लेखक व्हायचंय, आणि दर भागात एक नवी पार्टी. अ‍ॅडम स्कॉट, लिझी कॅप्लन, केन मरिनो, जेन लिंच, आणि चष्मिषच्या 'फ्रीक्स'मधला मार्टिन स्टार पण आहे. बघणारे इतके कमी होते की चॅनलला तरी दोष किती द्यावा. दर भाग स्वतंत्र असल्यामुळे तुटल्यासारखं वाटत नाही. २०२३ मध्ये सहा भाग परत आले आणि मी वर जे लिहिलंय त्याला हा अपवाद निघाला, कारण ती माणसं तेरा वर्षांनी पण अजून तिथेच ट्रे घेऊन उभी आहेत यातच गोष्टीचा जीव आहे. वाढलेलं वय इथे उपयोगाला आलं. लिझी कॅप्लन मात्र त्यात जवळपास नाहीच, तेवढं खटकतं.

चष्मिष

'पार्टी डाउन'ला दुजोरा. दुसऱ्या सीझनमधला स्टीव्ह गुटेनबर्गच्या वाढदिवसाचा भाग बघाच.

आणि 'हॅपी एंडिंग्ज' घेणार असाल तर एक लक्षात ठेवा, पहिल्या सीझनचे भाग एबीसीने उलटसुलट क्रमाने दाखवले होते. मालिका सुरू होते तीच मुळी अ‍ॅलेक्स भर लग्नातून डेव्हला सोडून पळून जाते इथून, आणि पुढच्या भागांत त्या दोघांमधला अवघडलेपणा हळूहळू कमी होत जातो. प्रसारणाच्या क्रमाने बघितलं तर एका भागात दोघे एकदम मोकळे आणि पुढच्या भागात पुन्हा तोंडं फिरवलेली. ज्या क्रमाने बनवले तो क्रम नेटवर शोधला की मिळतो, तसा बघा. 'डोन्ट ट्रस्ट द बी'चं पण तसंच झालंय, पहिल्या सीझनचे उरलेले भाग दुसऱ्या सीझनमध्ये मिसळून टाकले होते.

रात्रपाळी

थँक यू सगळ्यांना, इतकं मिळेल वाटलं नव्हतं. आधी 'फ्रीक्स', मग 'पार्टी डाउन'. 'हॅपी एंडिंग्ज'चा क्रम काढून ठेवला. आणि अँटेनाजी, 'फ्रँक्स प्लेस'चे भाग कुठे बघायला मिळाले तर इथेच टाका, मी वाट बघतेय.

जुना अँटेना

टाकतो ताई. मिळाली तर तिसरा-चौथा भाग होईपर्यंत सोडू नका, पहिल्या भागात फ्रँक सारखा परत जायच्या गोष्टी करतो आणि जरा संथ वाटतं. रेस्टॉरंटमधली बाकीची मंडळी बोलायला लागली की मालिका खरी सुरू होते.